गाणं क्रमांक ४४

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॅलस नावाचं मोठं शहर आहे. तिथे एक अजब बँड आहे, ‘द पॉलिफोनिक स्प्री’. अजब का, तर ही मंडळी आपल्या गाण्यांना नावाबरोबर क्रमांकही देतात. पहिल्या अल्बममध्ये १ ते १०, दुसऱ्यात ११ ते २०. नवा अल्बम आला म्हणून मोजणी पुन्हा एकपासून नाही, बरं का! वही संपली तरी पुढचं गणित पुढच्याच आकड्याचं, तसं हे. २०१३ साली ‘येस, इट्स ट्रू’ हा अल्बम निघाला आणि आकडा ४३वर पोचला.

आणि तिथेच अडला. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. २०२१मध्ये एक अल्बम आला खरा, पण त्यात दुसऱ्यांची गाणी होती. त्यांना कुठला क्रमांक देणार?

मुळात हा बँड जन्मला तोच एका दुःखातून. टिम डिलॉटर हा गायक आधी ‘ट्रिपिंग डेझी’ नावाच्या रॉक बँडमध्ये गात असे. १९९९ साली त्या बँडचा गिटारवादक वेस बर्ग्रेन अचानक वारला. जिवाभावाचा सोबती गेल्यावर बाकीच्यांना पुढे वाजवणं जमेना. बँड मोडला. टिमच्या डोक्यात मात्र लहानपणी ऐकलेल्या ‘बीच बॉइज’सारख्या गटांचे भरगच्च सूर घोळत होते. २००० साली त्याने माणसं जमवायला सुरुवात केली. गिटार, ड्रम आणि पियानो तर हवेतच. पण बासरी, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, व्हायोलिन, अगदी हार्पसुद्धा! शिवाय कोरस गाणाऱ्यांची एक अख्खी रांग. टिमची पत्नी ज्युली डॉइल हीसुद्धा त्यात. सगळे मिळून वीसच्या वर. आपल्या या प्रकाराला ते ‘कोरल सिंफॉनिक रॉक’ म्हणतात. म्हणजे समूहगान, मोठा वाद्यवृंद आणि रॉक, तिन्ही एकाच ताटात.

इतकी माणसं रंगमंचावर आली की कुणाच्या अंगात जीन्स, कुणाच्या फुलाफुलांचा शर्ट; बघणाऱ्याचं लक्ष कपड्यांवरच! म्हणून टिमने सगळ्यांना लांब पांढरे झगे चढवले. काहींना वाटलं, हा एखादा पंथबिंथ आहे की काय!

आता तुम्ही म्हणाल, माणसं वाढवली म्हणजे आवाज वाढला, त्यात विशेष ते काय? इथेच तर खरी मेख आहे. दहाजण एकासारख्याच जोराने गायले, तरी आपल्या कानाला आवाज दहापट वाटत नाही. साधारण दुप्पटच वाटतो! मग दहाजण हवेत कशाला? तर प्रत्येकाचा सूर केसभर वेगळा असतो आणि शब्दही क्षणभर मागेपुढे होतो. हे बारीक फरक एकमेकांत मिसळले की आवाज रुंद होतो, लकाकतो. एकटा माणूस कितीही ओरडला तरी ते साधत नाही. पण विजेच्या गिटारीपुढे बिचाऱ्या हार्पचं काय चालणार? तिच्यासाठी मायक्रोफोन लावायचा, आणि मिक्सरवर बसलेल्या माणसाने कुणाला किती वर आणायचं ते सांभाळायचं. वीसजणांच्या बँडमध्ये हा एकविसावा माणूस फार मोलाचा.

ब्रिटनचा प्रसिद्ध गायक डेव्हिड बोवी याला ही मंडळी भलतीच आवडली. २००२ साली लंडनच्या ‘मेल्टडाउन’ महोत्सवात त्याने त्यांना बोलावलं आणि २००४मध्ये आपल्या दौऱ्यावरही नेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्लोला नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत ते गायले. झाडं लावणाऱ्या केनियाच्या वंगारी मथाई यांना पुरस्कार मिळाला, तेच हे वर्ष.

पण एवढा गोतावळा टिकवणं सोपं नाही हो. चार जणांच्या बँडला चार तिकिटं लागतात. इथे बस भरते. शाळेची सहल काढणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा!

शेवटी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘सॅल्व्हेज एंटरप्राइझ’ हा अल्बम बाहेर आला. ‘सॅल्व्हेज’ म्हणजे बुडालेल्या जहाजातून किंवा जळालेल्या घरातून वाचेल ते बाहेर काढणं. नऊ गाणी, आणि पहिल्या गाण्यावर आकडा होता ४४! त्याचं नाव ‘गॅलपिंग सीज’, म्हणजे चौखूर उधळलेले समुद्र. दहा वर्षांचा खंड पडला म्हणून टिमने नवी पाटी घेतली नाही. जिथे सोडलं होतं, तिथूनच उचललं. मला तर या अल्बममधली ही गोष्ट गाण्यांइतकीच आवडली.

गाणी मात्र पूर्वीसारखी धबाधबा अंगावर येत नाहीत. बरीचशी हलक्या आवाजात सुरू होतात आणि मग मागून कोरस चढत जातो. घाईत असाल तर कंटाळाल. शेवटचं गाणं क्रमांक ५२. त्याच्या नावात सकाळचा सूर्य आहे आणि स्वतः बांधलेला जिनाही.

आईबाबांबरोबर ऐकायचं झालं, तर आधी पहिल्या अल्बममधलं ९ क्रमांकाचं ‘लाइट अँड डे’ ऐका आणि लगेच ४४ लावा. मध्ये किती वर्षं गेली ते कानांनाच कळेल. १० क्रमांकाच्या वाटेला मात्र तूर्त जाऊ नका. ते तब्बल ३६ मिनिटांचं आहे, आणि त्यात बहुतेक वेळ नुसती घुमणारी घरघर!