जिमखान्याचं कूळ

आमच्या मॉरिसव्हिलमध्ये 'जिमखाना' म्हटलं की पुणेकराला डेक्कन आठवतं, मुंबईकराला क्रिकेटचं मैदान. पण घोडेस्वारी शिकणाऱ्या अमेरिकन मुलांना विचारा. त्यांच्या लेखी जिमखाना म्हणजे पिंपांना वळसे घालत घोडा पळवायची शर्यत. गाड्यांचे शौकीन तर याच नावाने मोटारीची कसरत ओळखतात. मग हा शब्द नक्की कुणाचा?

इंग्रजांनी भारतात उचललेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश 1886 मध्ये निघाला. त्यात या शब्दाचा पहिला माग 1861 च्या रुडकीत लागतो. कोशकारांचा अंदाज असा, की मूळ शब्द 'गेंदखाना', म्हणजे चेंडूचं घर. साहेबाच्या तोंडी 'गेंद' जाऊन तिथे जिम्नॅस्टिक्समधलं 'जिम' बसलं. 'खाना' म्हणजे घर, हे फारसी. दवाखाना, कारखाना, छापखाना यांतलं तेच. आणि 'जिम' थेट ग्रीकपर्यंत जातं. तिथे 'जिम्नोस' म्हणजे उघडा, कारण ग्रीक पहिलवान कपडे काढूनच कसरत करत. म्हणजे शब्दशः अर्थ काय होतो, ते आजोबांना सांगताना जरा जपून!

शब्दात अशी सरमिसळ झाली, पण दारं मात्र सगळ्यांना उघडी नव्हती. 1875 मध्ये सुरू झालेलं बॉम्बे जिमखाना गोऱ्यांपुरतंच होतं. पारशी, हिंदू, मुस्लिम यांनी मग आपापले जिमखाने काढले आणि क्रिकेटचे संघही धर्मावर उभे राहिले. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर 1933 मध्ये झाली ती त्याच बॉम्बे जिमखान्यावर. लाला अमरनाथांनी तिथे 118 धावा काढल्या. पुण्यात मात्र 1906 मध्येच आपल्या लोकांनी डेक्कन जिमखाना उभा केला होता. पुढे त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि अख्ख्या भागालाच ते नाव पडलं.

2023 आणि 2024 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने आमच्या चर्च स्ट्रीट पार्कवर झाले. तिथे आपली मुलं बघायला येतात, खेळतातही. त्यांना शाळेत 'तू मूळचा कुठला?' हा प्रश्न अधूनमधून येतोच, आणि एका शब्दात उत्तर देता येत नाही म्हणून ती गोंधळतात. त्यांना या शब्दाची गोष्ट जरूर सांगा. ग्रीक, फारसी, हिंदी, इंग्रजी असं चार घरचं पाणी प्यायलेला हा शब्द डेक्कनच्या बसथांब्यावर कुणालाच परका वाटत नाही.