धावण्यात खंड पडतो तेव्हा

रोज धावणारा रुग्ण दवाखान्यात लगेच ओळखू येतो. दुखणे सांगण्याआधीच तो बजावतो, ‘डॉक्टर, धावणे मात्र बंद करायला सांगू नका.’ आपण त्यांपैकी असाल, तर आपली धास्ती मला परकी नाही. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात मी गेली अकरा वर्षे पहाटे धावतो. आणि खंड पडू नये म्हणून स्वतःशी खोटेही बोललो आहे.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी उजवी नडगी दुखू लागली. प्रथम चढावर, मग दिवसभर. बर्फ लावला, पट्टी बांधली, नवे बूट घेतले, पण धावणे सोडले नाही. दुसऱ्या आठवड्यात काढलेल्या एक्स-रेत काही दिसले नाही, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. वास्तविक अशा दुखापतीत सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, हे मला ठाऊक होते! रुग्णाला पहिल्याच मिनिटाला विचारला असता तो प्रश्न मी स्वतःला तिसऱ्या आठवड्यात विचारला: दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते का? नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेली ठणक बहुधा धावणे कमी केल्यावर उतरते. परंतु नाण्याएवढ्या जागी दाबताच कळ उठत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. माझी चीर एमआरआयमध्ये दिसली आणि धावणे आठ आठवडे थांबले.

तापाचे गणित याहून कडक आहे. नुसते नाक वाहत असेल, तर सावकाश धावायला हरकत नसते. अंगात ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा धाप असेल, तर धावूच नये. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते. असे क्वचितच घडते, पण त्या अवस्थेत केलेला व्यायाम जिवावर बेतू शकतो. डेंग्यूत तर ताप उतरला की माणसाला बरे झाल्यासारखे वाटते, आणि नेमके तेव्हाचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात.

ब्रिटनचे रॉन हिल यांनी १९७० मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षांहून अधिक काळ, ते रोज किमान एक मैल धावले. पायाच्या अंगठ्यावरील शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊनसुद्धा. अखेर धावताना छातीत दुखू लागले आणि त्यांनी तो नेम स्वतःच थांबवला. धावक म्हणून मला त्यांचा आदर वाटतो, डॉक्टर म्हणून त्या कुबड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. श्रमाने छातीवर दाब येत असेल, तो जबड्यात किंवा डाव्या हातात उतरत असेल, धावताना भोवळ येत असेल, तर तेथेच थांबून लगेच रुग्णालय गाठावे. घरी जाऊन ‘पित्त असेल’ म्हणत बसू नये.

त्या आठ आठवड्यांत मी धावणे सोडले, पहाटेचे साडेपाच सोडले नाहीत. त्याच वेळी उठून गच्चीवर सतरंजी अंथरायची, पोटाचे आणि मांड्यांचे व्यायाम करायचे, पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एका जागी बसून चालवायची सायकल. होय, डॉक्टरांनी. स्वतःवर उपचार करणाऱ्याला रुग्ण फारच लबाड मिळतो, म्हणून मी एका अस्थितज्ज्ञ मित्राच्या हाती गेलो.

पुन्हा सुरुवात करताना नवीनच भीती असते. प्रत्येक चमक म्हणजे जुनी चीर, असे वाटते. दोन गोष्टी पाहाव्यात: दुखण्यामुळे चाल बदलते का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले असते का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर जपून पुढे जाता येते. एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. पहिल्या दिवशी मी असा एकूण आठ मिनिटे धावलो. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंतही पोहोचलो नाही, आणि घरी येऊन दोन कप चहा प्यालो.