एएलसीचा काटा

सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलं की मंद्रूप येतं. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या नकाशात या गावाचा पत्ता एवढाच: एमके७७. सोलापूर आणि पंढरपूरही याच चौकोनात बसतात. अक्कलकोट मात्र शेजारच्या एमके८७मध्ये गेलं. एफटी८ पद्धतीच्या गप्पांत समोरच्याला कळवायचं ते आपलं कॉलसाइन, हा चौकोन आणि त्याचा सिग्नल किती डेसिबलने मिळाला ते. संपल्या गप्पा!

बरं, तोंडाने कुणी काही बोलतही नाही. संगणक साउंड कार्डातून सूर वाजवतो आणि ट्रान्सीव्हर ते हवेत सोडतो. सूर आठच, दोन सुरांत ६.२५ हर्ट्झचं अंतर, अख्खा संदेश जेमतेम ५० हर्ट्झच्या पट्टीत. १५ सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद प्रक्षेपण चालतं. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७मध्ये ही पद्धत आणली. टेलर म्हणजे पल्सारवरच्या कामासाठी १९९३चं नोबेल मिळालेले तेच. क्षीण सिग्नल गोंगाटातून वेचण्याचा त्यांचा हातखंडा इथेही दिसतो.

एवढ्या नाजूक यंत्रणेत बहुतेक घोटाळे होतात ते आवाजाच्या पातळीवरून. नवख्याला वाटतं, स्लायडर वर सरकवला की सिग्नल लांब जाईल. ट्रान्सीव्हरमधला एएलसी हा राखणदार. आत येणारा आवाज वाढला की तो गेन मागे ओढतो. त्याचा काटा जोरात उसळू लागला की समजावं, आवाज जास्त झाला. मग संगणकावरची पातळी काटा जेमतेम हलेपर्यंत खाली आणायची.

नाही आणली तर? समजा सूर ८०० हर्ट्झचा आहे. आवाज फाटला की त्याची दुप्पट आणि तिप्पट, म्हणजे १६०० आणि २४०० हर्ट्झची भुतं तयार होतात. ट्रान्सीव्हरचा फिल्टर साधारण २७०० हर्ट्झपर्यंत सगळं जाऊ देतो, त्यामुळे तीही हवेत जातात आणि दुसऱ्यांच्या जागेवर बसतात. डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरचा यावरचा तोडगा मात्र झकास. ट्रान्सीव्हर १४.०७४ मेगाहर्ट्झवर असेल, तर प्रक्षेपणापुरता तो १४.०७३वर न्यायचा आणि सूर १८०० हर्ट्झचा करायचा. हवेतली जागा तीच राहते, पण दुप्पट आता ३६०० हर्ट्झची, फिल्टरच्या बाहेर.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात संगणकाचं अपडेट आलं की साउंडची सेटिंगं बदलून बसतात. ईमेल आल्याची टिंगटाँग चुकून त्याच साउंड कार्डातून गेली, तर तीही प्रक्षेपित होते. म्हणून जाणकार रेडिओसाठी वेगळं कार्ड ठेवतात. ऐकण्याची बाजू निराळीच. सिग्नल नसताना नुसत्या खरखरीवर पडद्यावरचा मीटर ३० डेसिबलच्या आसपास हवा. स्वस्तातला एलईडी दिवा किंवा चार्जर शेजारी लागला की खरखर चढते, आणि स्लायडर कितीही हलवला तरी तिच्याखाली गाडलेला सिग्नल वर येत नाही. आधी तो दिवा शोधून बंद करावा लागतो. शिवाय ७ मेगाहर्ट्झवर नीट बसवलेली प्रक्षेपणाची पातळी २१वर गेल्यावर चालेलच असं नाही. बँडनिहाय पातळी लक्षात ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण प्रत्येक बँडवर काट्याकडे बघत ती एकदा तरी हाताने लावावीच लागते.