म्युटंट : पडद्यावरचे आणि शेतातले



उन्हाळी भुईमुगाचे बी आणायची वेळ आली की एक शंका हमखास कानावर येते. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात किरण देऊन काढलेले हे वाण, त्याचे दाणे खाल्ल्याने पोराबाळांना काही होणार नाही ना? त्याचा पाला दुभत्या जनावराला घालावा की नाही? शंका विचारणारी माणसे अडाणी नसतात. त्यांच्या घरातली मुले ‘म्युटंट’ माणसांचे सिनेमे पाहतात. त्या सिनेमांत किरण लागले की माणसाचा राक्षस होतो. इकडे कृषी अधिकारी सांगतात की हे बी ‘म्युटेशन’ करून तयार झाले आहे. शब्द एकच, तेव्हा मनात पाल चुकचुकणारच.

मराठीत या बदलाला ‘उत्परिवर्तन’ असा जड शब्द आहे. आपण साधेपणाने ‘गुणबदल’ म्हणू.

आधी पडद्यावरची गोष्ट पाहू. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि तिच्यावरचे २३ खलाशी आजारी पडले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये ‘गॉडझिला’ हा चित्रपट आला. अणुस्फोटाने खवळलेला प्रचंड प्राणी समुद्रातून वर येतो आणि टोकियो शहर तुडवतो, अशी ती कथा. अमेरिकेत त्याच साली राक्षसी मुंग्यांचा चित्रपट निघाला. पुढे १९६२ साली गॅमा किरणांनी हिरवा झालेला ‘हल्क’ आणि किरणोत्सारी कोळी चावलेला ‘स्पायडरमॅन’ चित्रकथांत अवतरले. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘एक्स-मेन’ काढले. ती माणसे जन्मतःच म्युटंट. याचे कारण स्टॅन ली यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले होते. प्रत्येक नायकाच्या शक्तीसाठी नवी हकिकत रचण्याचा त्यांना कंटाळा आला होता, म्हणून ‘जन्मतःच तशी’ असे सांगून ते मोकळे झाले! आपल्याकडे २०१३ सालच्या ‘क्रिश ३’मध्ये माणूस आणि जनावर यांच्या मिश्रणाचे ‘मानवर’ दाखवले आहेत.

या कथांना मी वाईट म्हणत नाही. ‘एक्स-मेन’मध्ये तर एक गोष्ट अगदी खरी आहे. जो वेगळा जन्मला त्याला शेजारीपाजारी घाबरतात, हिणवतात, दूर ठेवतात. शास्त्र मात्र त्यांत फारसे नाही. बदल एका रात्रीत होतो, साऱ्या अंगात एकदम होतो आणि त्यातून पंख फुटतात किंवा डोळ्यांतून ज्वाला निघतात, असे खऱ्या सृष्टीत कधी होत नाही.

खरा गुणबदल फार लहान असतो. प्रत्येक जीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा एक मजकूर असतो. माणसाच्या बाबतीत तो सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. पेशी दुभंगताना त्या मजकुराची नक्कल होते. नक्कल करणारा कितीही सावध असला तरी एखादे अक्षर चुकते, एखादा शब्द दोनदा पडतो, एखादी ओळ गळते. हाच गुणबदल. आईवडिलांत नसलेले असे साठ-सत्तर नवे बदल प्रत्येक बाळात असतात. म्हणजे हिशेबाने पाहिले तर हा लेख वाचणारे तुम्ही आणि लिहिणारा मी, सगळेच म्युटंट! बहुतेक बदलांचे काहीच बरेवाईट होत नाही. काहींनी नुकसान होते. उपयोगी पडणारा क्वचित एखादा.

याचे उत्तम उदाहरण एका मठातल्या बागेत सापडते. ब्रुन शहरातील (आजचे बर्नो, चेक प्रजासत्ताक) ऑगस्टिनियन मठाचे ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून सात-आठ वर्षे वाटाण्यावर प्रयोग केले. गुळगुळीत आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या झाडांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सारे दाणे गुळगुळीत आले. ते पुन्हा पेरले तेव्हा ५,४७४ दाणे गुळगुळीत निघाले आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती पहिल्या पिढीत नाहीशी झाली नव्हती, नुसती झाकली गेली होती. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेंडेल यांना त्या सुरकुतीचे मूळ कळणे शक्य नव्हते. ते १९९० साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी शोधले. वाटाण्यात साखरेचे स्टार्च करण्यास मदत करणारे एक जनुक असते. त्या जनुकाच्या मजकुरात सुमारे ८०० अक्षरांचा एक परका तुकडा घुसला होता, त्यामुळे ते बंद पडले. स्टार्च कमी झाले, साखर तशीच राहिली. साखरेने पाणी जास्त ओढले आणि दाणा वाळताना त्याची साल चुरगळली. आपल्याकडे ओल्या वाटाण्यासाठी लावतात त्या ‘अर्केल’ वाणाचे बी हातात घेऊन पाहा, तेही असेच सुरकुतलेले असते. आपण तो वाटाणा गोड म्हणून आवडीने खातो. शब्दशः बोलायचे तर तो म्युटंट वाटाणा आहे.

आता किरणांविषयी. बदल आपोआप घडण्याची वाट पाहिली तर आयुष्य सरते. १९२७ साली अमेरिकेत हर्मन मुलर यांनी फळांवरच्या बारीक माश्यांना क्ष-किरण दिले, तेव्हा बदलांचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेले दिसले. लगेच पुढच्या वर्षी लुई स्टॅडलर यांनी सातूच्या बियांवर तेच दाखवले. मुलर यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच वाटेने पुढे पिकांचे वाण काढण्यात आले. आज जगभरात अशा नोंदलेल्या वाणांची संख्या ३,४०० हून अधिक आहे.

भुईमुगाचे काय झाले ते पाहा. ट्रॉम्बे येथे ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ वाणाच्या बियांना क्ष-किरण दिले गेले. असे बी पेरले की पहिल्या वर्षी फारसे काही कळत नाही, कारण बदल बहुधा झाकलेले राहतात, मेंडेल यांच्या सुरकुतीसारखे. काही झाडे खुरटतात, काही वांझ निघतात. उरलेल्यांचे बी ठेवून दुसऱ्या वर्षी पेरावे लागते. तेव्हा हजारो झाडांत एखाद्याचा दाणा मोठा, एखादे बुटके, एखादे लवकर तयार होणारे असे वेगळेपण दिसू लागते. बाकी सगळे टाकून द्यायचे. किरण आंधळे असतात, कोणते अक्षर चुकवायचे हे त्यांना सांगता येत नाही. निवड करतो तो माणूस. अशा निवडीतून टीजी-१ हे मोठ्या दाण्याचे वाण १९७३ साली ‘विक्रम’ नावाने आले. त्या घराण्यातल्या झाडांचे पुढे आपसांत संकर झाले आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने १९९१ साली टॅग-२४ प्रसारित झाले. बुटके आणि लवकर येणारे हे वाण तुमच्यापैकी अनेकांनी लावलेले आहे.

तेव्हा मूळ शंकेचे उत्तर असे. किरण लागले ते टॅग-२४ च्या खापरपणजोबाला. तुमच्या पिशवीतल्या बियाला ते कधी लागलेच नाहीत. आणि ज्या मूळ बियाला लागले त्यातही किरण ‘साठून’ राहिले नव्हते. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन किरण फेकत बसत नाही. कंदील विझवला की भिंतीत उजेड उरत नाही, तसेच हे. माणूस चार-पाच ग्रे इतक्या किरणांनी दगावू शकतो आणि कोरड्या बियांना दोनशे-तीनशे ग्रे देतात हे खरे आहे. पण परिणाम होतो तो मजकुरावर, बी किरणोत्सारी होत नाही. दाणे खा, पाला गुरांना घाला. शेंगेची खरी भीती किरणांची नसून बुरशीची आहे. ओल्या शेंगा तशाच ढीग लावून ठेवल्या तर अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला खरोखर घातक असते.

गव्हातही हे झाले आहे. मेक्सिकोहून आलेल्या ‘सोनोरा ६४’चा दाणा लालसर होता, त्याच्या पोळ्या आपल्या लोकांना पसंत पडेनात. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने त्याला गॅमा किरण देऊन पिवळसर दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ १९६७ साली दिला. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी नावाने फसू नये. सिहोर भागातला महागडा ‘शरबती’ म्हणून विकला जातो तो बहुतेक सी-३०६ हा वेगळाच जुना गहू. बीटी कापूसही यात धरू नका. त्यात एका जिवाणूचे जनुक मुद्दाम घातलेले असते, ते तंत्र निराळे.

किरण न देताही शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत गुणबदल घडतो आणि आपल्या भागात त्याने लाखोंचा व्यापार उभा केला आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन द्राक्षाच्या वेलींत वेगळी वेल हेरली, ती ‘तास-ए-गणेश’. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेत लांब मण्याची फांदी दिसली, ती ‘सोनाका’. एका डोळ्यात बदल झाला की त्यातून फुटणारी अख्खी काडी वेगळी येते. अथणी-विजापूरकडचे आपले बागायतदार छाटणीच्या घाईत अशी काडी ‘भेसळ’ म्हणून कापून टाकतात, हे मला खटकते. एखाद्या काडीवर मणी लांब, रंग निराळा किंवा घड लवकर आलेला दिसला तर तिला रंगीत चिंधी बांधा. मात्र आधी पाहा की पाने पंख्यासारखी आकसली आहेत का. तसे असेल तर ते शेजारच्या तणनाशकाचे काम असू शकते. दुसऱ्या हंगामातही तोच फरक दिसला तर त्या काडीचे डोळे वेगळ्या खुंटावर भरा आणि तेथे दोन-तीन हंगाम तपासा. टिकला तर पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राला दाखवा. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे वाण स्वतःच्या नावे नोंदवता येते.

गुणबदल किडीतही होतो, हे जाता जाता सांगतो. एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की त्याला न मरणारी एखादी अळी वाचते आणि पुढची पिढी तिचीच होते. औषध बदलून वापरा म्हणतात ते याचसाठी.

आता माणसांविषयी, आणि हे अधिक महत्त्वाचे. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांची १९४८ पासून तपासणी सुरू झाली. पहिल्या सहा-सात वर्षांतच सत्तर हजारांवर नवजात बाळे तपासली गेली. स्फोटाच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या काही बाळांना इजा झाली होती. पण नंतर गर्भ राहून जन्मलेल्या मुलांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. किरणांपासून सांभाळलेच पाहिजे, गरोदर बाईने एक्स-रेपूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. पण ‘पिढ्या राक्षसी होतील’ ही केवळ सिनेमाची कल्पना ठरली.

आपल्या गावांत मात्र सहा बोटांचे, फाटलेल्या ओठाचे किंवा पांढऱ्या केसांचे मूल जन्मले की बोट आईकडे वळते. ग्रहणात तिने भाजी चिरली, कोणाचे तरी पाप भोवले. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न केला होता आणि प्रभूने तो आरोप मान्य केला नाही. पांढऱ्या केसांचे मूल झाकलेल्या गुणबदलाने जन्मते आणि तो आई व बाप दोघांकडून सारखाच आलेला असतो. फाटलेल्या ओठामागे अनेक कारणे असतात, ग्रहण त्यांत नाही, आणि शस्त्रक्रियेने तो चांगला जुळतो. मूल होण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तर पाठीच्या कण्याची काही व्यंगे टळतात.

झाकलेला बदल आईबाप दोघांतही असेल तर मेंडेल यांचे तीनास एक हे प्रमाण पाळण्यात येऊन बसते. प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक इतका धोका. म्हणूनच आते-मामे भावंडांच्या लग्नात भीती अधिक, कारण दोघांचे आजी-आजोबा एकच. आपल्या ख्रिस्तसभेत अशा लग्नाला परवानगी लागते, ती मागायला येणाऱ्यांनी हेही मनात ठेवावे.

आणि सिकलसेल. रक्तातल्या एका जनुकातले एकच अक्षर बदलते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बदल एकाच बाजूने आला तर माणूस वाहक असतो. तो सहसा धडधाकट असतो, हिवतापाच्या गंभीर आजारापासून त्याला थोडे संरक्षणही मिळते. दोन्ही बाजूंनी आला तर मुलाचे हातपाय सुजतात, सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडते. झाबुआ, बडोद्याचा पूर्व भाग, नंदुरबार, विदर्भ येथील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी यासाठी देशव्यापी मोहीम सुरू केली असून सरकारी आरोग्य केंद्रात रक्ताच्या थेंबावर पहिली तपासणी होते. त्यात दोष दिसला तर पक्क्या निदानासाठी दुसरी तपासणी करतात. आजारी मुलाला हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाने पुष्कळ आराम पडतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नेमाने घ्यावे लागते. तपासणी सोयरीक ठरण्यापूर्वी करा, साखरपुडा झाल्यावर नको. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही, हे मुलीच्या आईला नीट समजावून सांगा.