मानेवर व्रण नको, पण ग्रंथी सापडायला हवी

संपादकांना लेख हवा होता तो रोबोटवर. यंत्र तसं आहेच देखणं. ‘दा विंची’ हा शस्त्रक्रियेचा रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन थोड्या अंतरावर कन्सोलला डोळे लावून बसतो, त्याच्या बोटांची हालचाल लहान होऊन, हाताचा कंप गाळून आत पोचते. सोलच्या सेव्हरन्स रुग्णालयात डॉ. वूंग यून चुंग यांनी २००७ मध्ये काखेतून वाट काढून रोबोटने थायरॉइड काढायला सुरुवात केली. तीच वाट पुढे पॅराथायरॉइडलाही लागू पडली. नंतर खालच्या ओठाच्या आतून जाणारी वाटही आली. तिथे तर मानेवर छेदच लागत नाही.

मला मात्र यंत्रापेक्षा ग्रंथीनंच अडकवून ठेवलं. थायरॉइडच्या मागे बहुधा चार पॅराथायरॉइड असतात, एकेक जेमतेम तुरीच्या डाळीएवढी. त्यातली एक जरी बिघडली, तरी हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरत राहतं. शिवाय ती जागेवर असेलच असं नाही. चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजी कप्तानाची उंची या आजारात कित्येक इंचांनी घटली होती. बॉस्टनला १९३२ मध्ये त्याची ग्रंथी अखेर सापडली ती छातीत, सातव्या शस्त्रक्रियेत. तोवर मूत्रपिंडं गेलेली. काही आठवड्यांत तो वारला.

आज शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनवर ठिकाण हुडकतात. तरी खात्री करून देते ती रक्ताची चाचणी. बिघडलेली ग्रंथी काढल्यावर तिचं हार्मोन, पीटीएच, रक्तात काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. म्हणून गाठ काढली की सगळे दहा मिनिटं थांबतात आणि रक्त घेतात. आधीच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा पीटीएच निम्म्याहून खाली आलं, तर काम फत्ते. नाही आलं, तर आणखी एखादी ग्रंथी बिघडलेली असावी, पुन्हा शोधा. मायामीचे सर्जन जॉर्ज अर्विन यांनी रुजवलेली ही पद्धत. लाखमोलाचे यांत्रिक हात त्या वेळी प्रयोगशाळेच्या निरोपाची वाट बघत उभे!

आता या नव्या वाटांना लावल्या जाणाऱ्या ‘व्रणविरहित’ या शब्दाबद्दल. काखेतल्या वाटेत व्रण असतोच, फक्त झाकला जातो, आणि तिथवर पोचायला कातडीखालून लांब बोगदा करावा लागतो. हात वर ताणून ठेवल्यामुळे त्याच्या नसांना इजा होण्याचा धोका असतो. ओठातून गेलं तर हनुवटी बधिर होऊ शकते. काखेतून एका बाजूनं शिरल्यावर दुसऱ्या बाजूची ग्रंथी गाठणं अवघड. बहुतेक रोबोटांत ऊतींचा स्पर्शही कळत नाही. उलट, ठिकाण नक्की असेल तर मानेवरचा साधा दोन-तीन सेंटिमीटरचा छेद पुरतो, तोही कातडीच्या घडीत मुरतो. ज्यांना केलॉइडची, म्हणजे व्रण फुगून वाढण्याची, प्रवृत्ती आहे त्यांना नवी वाट खरोखर उपयोगी. बाकीच्यांनी खर्चाचा हिशेब आधी मांडावा.

आपल्याकडची अडचण तर शस्त्रक्रियागृहाच्या बरीच अलीकडे आहे. भारतात हा आजार अनेकदा हाडं ठिसूळ झाल्यावर, मुतखडे वारंवार झाल्यावरच ओळखू येतो. तेव्हा घरात कुणाला पुन्हा पुन्हा मुतखडा होत असेल, किरकोळ धक्क्यानं हाड मोडत असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा : रक्तातलं कॅल्शियम तपासलंय का? ते वाढलेलं निघालं, तर सोबत पीटीएचही तपासून घ्या.