धाराशिव जिल्ह्यातील अपारंपरिक ऊर्जा : क्षमता, धोरण आणि जमिनीचा प्रश्न

प्रस्तावना

विकसनशील देशांपुढील ऊर्जेचा प्रश्न दुहेरी स्वरूपाचा असतो. दरडोई वीजवापर कमी असल्याने तो वाढविणे क्रमप्राप्त असते आणि त्याच वेळी कोळसा व आयात खनिज तेल यांवरील भिस्त कमी करणेही आवश्यक असते. १९७३ च्या तेलसंकटाने ही निकड प्रथम तीव्रतेने जाणवून दिली. भारतात १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमण्यात आला, १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले. २००६ पासून ते नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय या नावाने ओळखले जाते. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१५ मध्ये ते एक लाख मेगावॅटपर्यंत वाढविले गेले. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. अर्थात स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्मितीत आजही कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

या राष्ट्रीय आकड्यांचा जिल्हा पातळीवर नेमका अर्थ काय होतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात ती करण्याचा प्रयत्न आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या जिल्ह्यात ऊन व वारा यांची वाण नाही. जिल्ह्याच्या पदरात काय पडते, हे जमीन कोणत्या अटींवर दिली जाते आणि तयार झालेली वीज कोणत्या तारेने कोठे जाते, यावर ठरते.

वारा, ऊन आणि ऋतुमान

७,५६९ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ असून पाचांपैकी चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. पर्जन्यछायेत असल्याने अवर्षण हा येथील स्थायीभाव आहे. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम व गडचिरोली यांच्याबरोबर याचाही समावेश झाला. शेतीला प्रतिकूल ठरणारे निरभ्र आकाश सौरऊर्जेला मात्र अनुकूल ठरते. मराठवाड्यात दर चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी पाच ते साडेपाच युनिट इतकी सौरऊर्जा जमिनीवर पोहोचते.

वाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी-वनकुसवडे किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या काळात बालाघाटाचे नाव फारसे घेतले जात नव्हते. बालाघाटावरचा वारा पुढे वाढला असे नव्हे. पवनचक्क्यांची उंची वाढली. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६.३ मीटर वेग मिळाला, तर शक्ती दुप्पट होते. जमिनीपासून जसजसे वर जावे, तसतसा वाऱ्याचा वेग वाढतो; त्यामुळे पन्नास मीटर उंचीवर न परवडणारे ठिकाण एकशेवीस मीटरवर परवडू लागते. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अनुमानांत हेच दिसते. महाराष्ट्राची पवनक्षमता १०० मीटर उंचीवर सुमारे ४५ गिगावॅट, तर १२० मीटरवर सुमारे ९८ गिगावॅट धरली आहे. क्षमता हा निसर्गाने एकदाच ठरवून दिलेला आकडा नसतो, तंत्रज्ञानानुसार तो बदलतो, ही बाब वर्गात शिकवितानाही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दोन्ही स्रोतांचे ऋतुमान परस्परपूरक आहे. वारा जून ते सप्टेंबर या काळात, नैर्ऋत्य मोसमी प्रवाहाबरोबर जोर धरतो. ढगाळ हवेमुळे सौरनिर्मिती नेमकी तेव्हाच घटते. विहिरी व कूपनलिकांवरील पंप मुख्यतः रब्बीत, ऑक्टोबरपासून पुढे चालतात. तेव्हा वारा मंदावलेला आणि ऊन स्वच्छ असते. म्हणजे शेतीची स्थानिक गरज भागविण्यास सौरऊर्जा स्वभावतःच अधिक योग्य आहे, तर पवनऊर्जेची वीज बाहेरच्या ग्राहकाकडे जाणे साहजिक आहे. धोरणानेही जवळजवळ हेच दोन मार्ग निर्माण केले आहेत.

पहिला मार्ग : वाहिनीचे सौरीकरण

महाराष्ट्रात कृषिपंपांचे ग्राहक पंचेचाळीस लाखांच्या आसपास आहेत. त्यांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत रूढ झाली. रात्री पाणी धरावयास जाणाऱ्या शेतकऱ्यास साप-विंचवाचे भय असते, ते वेगळे सांगावयास नको. शेतीची स्वतंत्र वाहिनी असेल तर तिच्या उपकेंद्राजवळच छोटा सौरप्रकल्प उभारून दिवसा वीज द्यावी, या कल्पनेचा पाठपुरावा पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने केला. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती सुरू झाली. केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेची तिला जोड आहे.

दोन मेगावॅटच्या प्रकल्पाचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. त्यास सुमारे चार हेक्टर जमीन लागते. वर्षाला अंदाजे ३२ लाख युनिट वीज मिळते. पाच अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास व वर्षात दीडशे दिवस चालला, तर सुमारे ४,५०० युनिट वापरतो. म्हणजे वार्षिक गोळाबेरजेने सातशेच्या आसपास पंपांची गरज भागते. युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर धरल्यास विजेचे मूल्य ९६ लाख रुपये होते. योजनेतील भाडे हेक्टरी वार्षिक किमान १ लाख २५ हजार रुपये असल्याने जमीनमालकास पहिल्या वर्षी पाच लाख मिळतात. ग्रामपंचायतीस वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे प्रोत्साहन रक्कम मिळते. वीजविक्रीचा करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो.

हे भाडे कमी आहे काय? कोरडवाहू सोयाबीनचे हेक्टरी बारा क्विंटल उत्पादन धरले आणि २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये या हमीभावाने विकले, तरी ढोबळ उत्पन्न साठ हजारांच्या आत राहते; त्यातून खर्च वजा व्हावयाचा असतो. त्या मानाने भाडे निश्चितच चांगले आहे. प्रकल्पास सात-आठ कोटी रुपये भांडवल लागते, हे पाहता विकासकाचा नफाही अवाजवी म्हणता येणार नाही. आक्षेप वेगळ्या दोन गोष्टींना आहे. भाड्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. महागाई पाच टक्के धरली तर पंचवीस वर्षांनी त्या भाड्याची खरेदीशक्ती आजच्या सुमारे ६२ टक्केच उरेल. दुसरे असे की, भाडे सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्यास मिळते. बटईने जमीन कसणारा आणि त्याच सोयाबीनच्या खुरपणीस जाणारी मजूर स्त्री यांचे नाव कोणत्याच करारात येत नाही.

तरीही हा मार्ग जिल्ह्यास हितकारक आहे, असेच मत नोंदवावे लागेल. दर जाहीर आहे, वीज गावातच वापरली जाते आणि लांबच्या वहनातील गळती टळते. पीएम-कुसुमच्या ‘अ’ घटकात शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक संस्था व पंचायती यांना स्वतः ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभारता येतो. साखर कारखानदारीमुळे सहकाराच्या लाभ-हानीचा पुरेपूर अनुभव असलेल्या जिल्ह्याने हे कलम अधिक गांभीर्याने वाचावयास हवे.

दुसरा मार्ग : पवनऊर्जा आणि मुदतीची घाई

केंद्राच्या वहन आराखड्यात ‘उस्मानाबाद परिसरा’तील एक गिगावॅट नवीकरणीय वीज वाहून नेण्यासाठी कळंब येथे ४००/२२० किलोव्होल्टचे केंद्र योजण्यात आले व उभे राहिले. (इंग्रजी कागदोपत्री त्याचे नाव ‘कल्लम’ असे आहे. निजामी अंमलातील वळण तारांच्या जाळ्यात टिकून राहिले म्हणावयाचे!) या केंद्रामुळे बालाघाटावरील वीज आंतरराज्य जाळ्यात जाऊ शकते आणि दूरचा उद्योगही ती विकत घेऊ शकतो.

येथे धोरणातील एका तपशिलाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित होणाऱ्या पवन व सौर प्रकल्पांना आंतरराज्य वहनशुल्कात पूर्ण सूट होती. त्यानंतर ती दरवर्षी पंचवीस टक्क्यांनी घटत जाते. साहजिकच मुदतीपूर्वी मनोरे उभे करण्याची घाई झाली. या घाईला तोंड द्यावे लागले ते भूम, वाशी व कळंब तालुक्यांतील शेतकऱ्यास. पवनचक्कीच्या जमिनीस सौर योजनेसारखा जाहीर दर नाही. मध्यस्थामार्फत प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणी होतात. परिणामी लगतच्या दोन गटांना वेगवेगळा मोबदला मिळतो आणि गावात वितुष्ट येते. मनोरा एकाच्या शेतात उभा राहतो, पण त्याकडे जाणारा रस्ता व वीजवाहिनी अनेकांच्या शेतांतून जाते. वाहिनीच्या बाबतीत विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ नुसार १८८५ च्या तार अधिनियमातील अधिकार देता येतात. तेथे शेतकऱ्याच्या संमतीला जवळजवळ स्थान नाही, प्रश्न उरतो तो नुकसानभरपाईचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जमिनीसाठी जमीनमूल्याच्या ८५ टक्के आणि वाहिनीखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला होता. जून २०२४ मध्ये तो अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आला. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी पारेषण वाहिनीपुरतीच आहे. पवनचक्कीखालील जमीन व रस्ता यांचा व्यवहार खाजगीच राहतो.

अशा खाजगी, गोपनीय व्यवहारांत दलाली आणि दहशत शिरते. लगतच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीशी आरोपपत्राने तिचा संबंध जोडला आहे. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. अभ्यासकांनी मात्र एवढे ध्यानात घ्यावे की, जेथे दर जाहीर नसतो तेथे प्रत्येक करार हा खंडणीखोरास आमंत्रण ठरतो.

याला पर्याय आहेत. डेन्मार्कमध्ये २००९ पासून २०२० पर्यंत पवनप्रकल्पातील किमान २० टक्के भागभांडवल स्थानिक रहिवाशांना देऊ करणे विकासकावर बंधनकारक होते. आपल्याकडे भागभांडवल घेण्याची ऐपत किती जणांची, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु किमान भाडे, त्यातील वार्षिक वाढ, रस्त्याचा मोबदला आणि प्रकल्प संपल्यावर मनोरा व काँक्रीटचा पाया काढण्याची जबाबदारी यांचा नमुना करार राज्य शासन जाहीर करू शकते. सौर वाहिनी योजनेत जे दराच्या बाबतीत केले, तेच येथे करावयाचे आहे.

गायरानाचा प्रश्न

सौर वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळील शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने देण्याची तरतूद आहे. प्रशासनाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. अनेक मालकांशी बोलणी करावी लागत नाहीत. मात्र महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन गावाच्या व्यवहारात क्वचितच पडीक असते. तिच्यावर शेळ्या-मेंढ्या चरतात. शिवाय मराठवाड्यात गायरान कसून जगणाऱ्या भूमिहीन दलित कुटुंबांचा दीर्घ लढा आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने १९९१ मध्ये घेतला. पुढे २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले, परंतु भूमिहीनांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही राखला. ज्याची नोंद अद्याप झाली नाही अशा कुटुंबाने तीस वर्षे कसलेल्या तुकड्यावर सौरपट्ट उभे राहिले, तर वीज हरित असेल, पण न्यायाचे काय? प्रकल्पापूर्वी प्रत्यक्ष वहिवाटीची ग्रामसभेत नोंद घेणे हा यावरील साधा उपाय आहे आणि त्यास नवीन कायद्याची गरज नाही.

पाण्याची मर्यादा

राज्याच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्केच भरावे लागतात. पंप बसल्यावर पुढील प्रत्येक तास विनामूल्य असतो. वाहिनीवरील साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांनाही एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी वीजबिल माफ आहे. अशा स्थितीत पंप बंद करण्याचे आर्थिक कारणच राहत नाही. बालाघाटाखालील काळा पाषाण पाणी धरून ठेवतो तो केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत. दिवसभर उपसा झाला तर विहिरी जानेवारीतच तळ गाठतील आणि उसाचे क्षेत्र वाढेल. उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या सहवीजनिर्मितीसही आपण अपारंपरिक ऊर्जा म्हणतो. पण अवर्षणप्रवण जिल्ह्यात तिच्यामागचे पाणी नवीकरणीय आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील ढुंडी येथे २०१६ च्या सुमारास सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून उरलेली वीज वितरण कंपनीस विकावयास प्रारंभ केला. पाणी न उपसण्याचाही मोबदला मिळू लागल्याने वीज हेच एक पीक झाले. महाराष्ट्रात भूजल अधिनियम २००९ चा असून २०१४ पासून अमलात आहे. त्यातील पाणलोटनिहाय नियोजनाची तरतूद ऊर्जा योजनांशी जोडली गेलेली नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्यात सौरपंप मंजूर करणारे कार्यालय आणि भूजल मोजणारे कार्यालय यांनी एकाच गावाचा नकाशा समोर ठेवून बसणे, ही त्या जोडणीची पहिली पायरी होय. महाविद्यालयांच्या भूगोल, भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना तेथे प्रत्यक्ष काम आहे. ऑक्टोबर व मे अशी वर्षातून दोनदा विहिरींची पातळी मोजणे आणि तालुक्यातील करारांचे दर संकलित करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे.