कॉर्डलेस घ्या, पण तारेचा फोन टाकू नका

एसटीडी कोड ठाण्याचा ०२२ असो वा कल्याण-डोंबिवलीचा ०२५१, कॉर्डलेस फोनचा बेस घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की हँडसेट पूर्ण चार्ज असूनही मुका होतो. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला मात्र एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाणे परिसराची वीज गेली, तशा वेळी हाच फरक कामी येतो. मोबाइल आहेच, असे कोणी म्हणेल; पण त्याची बॅटरी संपते आणि टॉवरही बॅकअपवरच तग धरतात. फायबर जोडणीत मोडेमलाही वीज लागते, म्हणून मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. विजा कडाडताना मात्र तारेचा फोन टाळून कॉर्डलेसच वापरा.